बाळासारखा श्वास नको

झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे बघा, त्याचं पोट कसं वरखाली होतंय. तोच खरा नैसर्गिक श्वास. आपण मोठे झालो, ताणाने आखडलो आणि श्वास पोटातून छातीत चढला. आता पुन्हा बाळासारखा श्वास घ्यायला शिका. हा उपदेश, किंवा याच बेताचा एखादा, तुमच्या कानावर आलेला असणारच. सोसायटीच्या गच्चीवरच्या योगवर्गात, कंपनीच्या ताणमुक्ती कार्यशाळेत, गाण्याच्या क्लासात, गर्भसंस्काराच्या शिबिरात आणि भल्या सकाळी येणाऱ्या फॉरवर्डमध्ये तो सारख्याच ठामपणे दिला जातो. सांगणाऱ्याचा आवाज मऊ असतो, ऐकणाऱ्यांचे डोळे मिटलेले असतात. त्यामुळे कुणी मध्येच विचारत नाही की, सर, तुम्ही बाळाचे श्वास कधी मोजलेत का?

मोजायला फार काही लागत नाही. झबलं वर करायचं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्यायचं. निरोगी नवजात बाळ स्वस्थ पडलेलं असताना मिनिटाला तीस ते साठ श्वास घेतं, बहुतेक वेळा चाळिसाच्या आसपास. निरोगी प्रौढ माणूस बारा ते वीस. म्हणजे ज्या ‘संथ, खोल’ श्वासाचा दाखला म्हणून बाळाला वर्गात आणलं जातं, तो बाळ घेतच नाही. त्याचा श्वास जलद असतो आणि खोलही नसतो. तीन किलोच्या बाळाच्या एका श्वासात साधारण वीस मिलिलिटर हवा आत जाते, चहाचे चार चमचे. सत्तर किलोच्या माणसाच्या एका श्वासात सुमारे पाचशे मिलिलिटर. किलोमागे हिशेब केला तर दोघांचं माप जवळजवळ सारखंच येतं, सहा-सात मिलिलिटर. बाळ जास्त ‘भरून’ श्वास घेतं हा निव्वळ समज आहे.

मग इतक्या घाईने कशाला? तर त्याची गरज मोठी आहे. प्रौढ माणूस विश्रांतीत असताना किलोमागे मिनिटाला तीन-चार मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, नवजात बाळ सहा ते आठ. त्याला वाढायचं आहे, अंग गरम ठेवायचं आहे, आणि आकारमानाच्या मानाने त्याची त्वचा अफाट असल्याने उष्णता भराभर निसटते. श्वास मोठा करण्याला त्याच्या शरीरात वाव फारसा नाही (का, ते पुढे येतंच), म्हणून ते श्वासांची संख्या वाढवतं. आता एखाद्या आज्ञाधारक शिष्याने गुरूचं शब्दशः ऐकलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या आपले नेहमीचे श्वास मिनिटाला चाळीसच्या गतीने घ्यायला सुरुवात केली, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरेल, बोटांना मुंग्या येतील, ओठ बधिर होतील आणि गरगरायला लागेल. काही वर्गांत यालाच ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

लयीचंही तेच. बाळाचा श्वास समुद्राच्या लाटेसारखा अखंड चालतो, असं सांगताना मी ऐकलं आहे. ज्या आईने पहिल्या महिन्यात रात्र रात्र बाळाच्या नाकाशी बोट धरून काढली आहे, तिला विचारा. बाळ आठ-दहा श्वास भराभर घेतं, मग थांबतं. तीन सेकंद, पाच सेकंद, कधी दहा. आईच्या पोटात गोळा येतो, तेवढ्यात ते पुन्हा सुरू होतं. याला आवर्ती श्वसन म्हणतात. मेंदूतली श्वासाची केंद्रं आणि रक्तातल्या वायूंचा अंदाज घेणारे संवेदक यांचा मेळ अजून नीट बसलेला नसतो, म्हणून हे होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते जास्त दिसतं आणि पहिल्या काही महिन्यांत आपोआप ओसरतं. वीस सेकंदांहून मोठा खंड, किंवा छोट्याच खंडातही बाळ निळं-पांढरं पडणं, ही मात्र धोक्याची खूण. प्रौढ माणूस झोपेत असा थांबत थांबत श्वास घ्यायला लागला, तर डॉक्टर त्याला आदर्श म्हणत नाहीत, त्याचं हृदय आणि झोप तपासायला लावतात.

आता पोट. या सगळ्या उपदेशाची मदार पोटावर आहे, आणि इथे वरवर पाहता उपदेशकांचं बरोबरही आहे, कारण बाळाचं पोट खरोखरच हलतं. प्रश्न आहे तो का हलतं हा.

मोठ्या माणसाच्या बरगड्या पाठीकडून पुढे येताना खाली उतरतात. त्यामुळे त्या उचलल्या की छाती पुढे आणि बाजूंना रुंदावते. बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात. त्या आधीच वर आहेत, आणखी उचलून फारसं काही साधत नाही. शिवाय त्या मऊ आहेत, बऱ्याचशा कूर्चेच्या. नवजात बाळाच्या छातीची भिंत त्याच्या फुप्फुसांच्या जवळपास तिप्पट लवचीक असते. श्वासपटल खाली ओढलं गेलं की आत ऋण दाब तयार होतो, आणि ही मऊ भिंत त्या दाबाला अडवण्याऐवजी त्याच्याबरोबर आत जाऊ पाहते. म्हणजे श्वासपटलाची काही मेहनत हवा आत आणण्याऐवजी स्वतःच्याच बरगड्या आत ओढण्यात वाया जाते. सक्रिय झोपेत हे आणखी वाढतं. या झोपेत डोळ्यांची बुबुळं पापण्यांआड फिरत असतात आणि नवजात बाळ आपल्या झोपेचा निम्म्याच्या आसपास वेळ तिच्यातच काढतं. बरगड्यांमधले स्नायू तेव्हा सैल पडतात, छातीला आतून मिळणारा आधार जातो, आणि पोट वर येत असताना छाती खाली बसते. आपण पाळण्याशी उभे राहून ज्या पोटाचं कौतुक करतो, ते एवढं ठळक दिसण्यामागे अनेकदा हेच कारण असतं की त्याच वेळी छाती आत चालली आहे.

आणि ज्या स्नायूवर सगळा भार, तो तरी कसा? बाळाचं श्वासपटल मोठ्यांच्या श्वासपटलासारखं घुमटाकार नसतं, बरंच सपाट असतं, त्यामुळे त्याची खाली सरकण्याची मजल कमी. न थकता दीर्घकाळ काम करणारे तंतू प्रौढाच्या श्वासपटलात निम्म्याहून थोडे अधिक असतात. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात ते सुमारे पाव आणि फार अपुऱ्या दिवसांच्या बाळात दहा टक्क्यांच्या आसपास आढळले आहेत. म्हणजे काम जास्त आणि दम कमी. पोटाने श्वास घेणं ही बाळाची निवड नाही, त्याच्याकडे दुसरी सोयच नाही.

श्वास सोडण्याचं बघा, कारण तिथे उपदेश आणि बाळ अगदी पाठीला पाठ लावून उभे आहेत. वर्गात सांगतात, श्वास पूर्ण सोडून द्या, बाळासारखे सैल व्हा. बाळाने तसं केलं तर त्याच्या मऊ छातीतली फुप्फुसं मिटत जातील. म्हणून ते उच्छ्वासाला लगाम घालतं. स्वरयंत्र थोडं आवळून घेतं, श्वासपटल एकदम सैल सोडत नाही आणि सगळी हवा बाहेर पडायच्या आतच पुढचा श्वास सुरू करतं. फुप्फुसात थोडी हवा शिल्लक राहावी यासाठी प्रत्येक श्वासाला चाललेली ही झटापट असते. आजारी बाळात ती कानाला ऐकू येते. प्रत्येक उच्छ्वासाला ते कण्हतं.

त्या कण्हण्याने वैद्यकाला एक मोठी गोष्ट शिकवली. १९५९मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की, अपुऱ्या दिवसांची अनेक बाळं श्वासाच्या ज्या विकाराने दगावतात, त्यात वायुकोशांना मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ कमी असतो. कारण समजलं, पण इलाज हाती नव्हता. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने एकोणचाळीस तासांत गेला. त्या देशातली सगळी साधनं दिमतीला असताना. पुढे १९७१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कण्हून बाळ जे स्वतः करू बघत होतं, तेच बाहेरून करून देणारी. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षात छोट्या नाकात नळ्या आणि शेजारी बुडबुडे येणारी बाटली दिसते, ती सीपॅप याच घराण्यातली. मला या कथेत बाळाच्या श्वासाचं खरं मोठेपण दिसतं. ते अपुऱ्या सामग्रीवर लढतं. त्याला ध्यानस्थ योगी बनवून आपण ते मोठेपण घालवतो.

‘ताणामुळे श्वास छातीत चढला’ या आरोपाकडे येऊ. बाळ वाढतं, बसू लागतं, उभं राहतं. बरगड्या हळूहळू खाली झुकतात, हाडं टणक होतात, छातीची भिंत ताठ होऊ लागते. वर्षाच्या मुलाच्या शांत झोपेतल्या श्वासात बरगड्यांचा वाटा नवजात बाळाच्या मानाने खूपच वाढलेला असतो. दुसऱ्या वर्षात छाती आणि फुप्फुसं यांच्या लवचीकतेचं प्रमाण मोठ्या माणसासारखं होत जातं. या वर्षाच्या मुलावर कोणत्या गृहकर्जाचा हप्ता आहे? कुठल्या साहेबाचा मेल त्याला झोपू देत नाही? श्वासात छाती सामील होणं ही वाढ आहे, बिघाड नाही.

त्यातही तुलना करण्यात एक गफलत आहे, ती लक्षात आली की हसू येतं. बाळ उताणं पडलेलं असतं आणि आपण त्याची तुलना खुर्चीत बसलेल्या किंवा उभ्या माणसाशी करतो. तुम्हीही अंथरुणावर उताणे पडा, पोटावर हात ठेवा. तुमचंही पोट वरखाली होईल, छाती फारशी हलणार नाही. उठून बसा, छातीचा वाटा वाढेल. शरीराची ठेवण बदलली की पोट आणि छातीची वाटणी बदलते, एवढंच. श्वासपटल तर दोन्ही वेळा काम करतच असतं. शांतपणे बसलेल्या निरोगी माणसाचाही मुख्य श्वासस्नायू तोच आहे. ‘मोठी माणसं श्वासपटल वापरायचं विसरतात’ हे विधान ऐकून श्वासपटलालाच हसू येईल. घाबरलेल्या किंवा चिंतेत असलेल्या माणसाचा श्वास वरवर आणि जलद होतो हे खरं आहे, अनुभवाचं आहे. पण तो जलद उथळ श्वास मोजमापाला कुणाच्या जवळ जातो, तर बाळाच्याच.

यावर योगाची परंपरा पुढे केली जाते, म्हणून तिचंही थोडं बोलू. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. श्रद्धेने मान डोलावण्यापेक्षा क्ष-किरण आणि दाबमापक यांच्यावर विसंबणारा हा माणूस होता. प्राणायामाचं मोल जास्तीचा ऑक्सिजन मिळण्यात नाही, असं त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडलं. आणि पोटाबद्दल? पूरकात, म्हणजे श्वास आत घेताना, पोट फुगवू नका, पोटाचे स्नायू ताब्यात ठेवा, असा त्यांचा कल होता. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगारही प्राणायामावरच्या आपल्या पुस्तकात श्वास घेताना पोट फुगवायला मनाच करतात. त्यांच्या पद्धतीत बरगड्या उघडण्यावर भर आहे. महाराष्ट्रात राहून आयुष्यभर श्वासावर काम केलेल्या या दोघांना बाळाचा दाखला लागला नाही. ‘पोट फुगवा, कारण बाळ फुगवतं’ हे वाक्य परंपरेच्या नावावर खपतं, पण या परंपरेतल्या या दोन मोठ्या शिक्षकांचं सांगणं त्याच्या उलट आहे.

इथे माझ्यावर सरळ आरोप होईल की मी संथ श्वासाच्याच विरोधात आहे. मुळीच नाही. २००१मध्ये लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छान निरीक्षण प्रसिद्ध केलं. तेवीस निरोगी प्रौढांना त्यांनी लॅटिनमधली मरियेची जपमाळ आणि ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. संथ श्वासाने माणूस निवतो, हे कुणीही पाच मिनिटांत स्वतःवर करून पाहावं. मात्र मिनिटाला सहा श्वास ही प्रौढ शरीराची करामत आहे. कडक झालेल्या बरगड्या, घुमटाकार श्वासपटल, पिकलेली मेंदूकेंद्रं आणि कमी गरज, एवढं जमल्यावरच ती शक्य होते. जे बाळाला कधीच जमणार नाही ते शिकवताना बाळाचं नाव घेणं म्हणजे श्रेय भलत्यालाच देणं.

‘अहो, साधी उपमा आहे, एवढं काय मनावर घेता,’ असं म्हणणारे सज्जन पुष्कळ. उपमा साधी असती तर हा लेख लिहिला नसता. त्या वर्गात बसलेल्यांत गरोदर बाया असतात, नुकत्या आजी झालेल्या असतात. बाळाचं पोट उडतंय म्हणजे ते किती छान, नैसर्गिक श्वास घेतंय, हे त्यांच्या मनावर कोरलं जातं. आणि न्यूमोनिया झालेल्या बाळाचंही पोट उडतं. जास्तच उडतं. गावाकडच्या बायका ‘पोट उडतंय’ हे काळजीच्या सुरात म्हणतात; त्यांची नजर शिबिरातल्या नजरेपेक्षा चांगली आहे.

पाहायचं असतं ते पोटाच्या वर. निरोगी बाळ श्वास आत घेतं तेव्हा पोट आणि छातीचा खालचा भाग सहसा मिळून बाहेर येतात. फुप्फुसं आजारी असली की ताकद लावून श्वास घेताना बरगड्यांची खालची कड आत खेचली जाते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात याला ‘छाती आत ओढली जाणे’ म्हणतात. इथेही बाळ आणि मूल यांत फरक आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची छाती मुळातच मऊ, त्यामुळे थोडी आत जाणं चालतं. खोल, ठळक, सतत आत जात असेल तर तो गंभीर आजार. मोजण्याची मर्यादाही वयाप्रमाणे बदलते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त, तर श्वास जलद मानायचा. अगदी लहान बाळात एकदा साठच्या वर गेला तर पुन्हा मोजायचं, कारण आधी सांगितलेली ती अडखळती लय. आणि पूर्ण मिनिटभर मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा दवाखान्यातला शॉर्टकट इथे फसवतो.

हे ज्ञान गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ज्यांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं अशा दायांच्या आणि कार्यकर्त्यांच्या हाती दिलं. त्यांनी एक श्वासमापक बनवला. त्यात मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला औषधाची गरज. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगात, प्रशिक्षित दाया व कार्यकर्ते न्यूमोनिया ओळखून गावातच औषध देत होते तिथे, या आजाराने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. शहरातल्या शिकलेल्या वर्गात श्वासाबद्दल दोन तास बोललं जातं आणि बाळाच्या श्वासाचा एक आकडाही कुणी सांगत नाही, याची मला जास्त चीड येते.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि त्या वाचून शहर हळहळतं. त्या पालकांना निदान हे तरी कळतं की त्या पोटाचं काहीतरी बिघडलं आहे; इलाज क्रूर आणि चुकीचा. शहर त्याच पोटाकडे बघून भारावतं. पोटातच दोघेही गुंतलेले असतात, आणि दोघांच्याही नजरेतून सुटते ती बरगडी.

बाळाचा श्वास इतकाच पूज्य वाटत असेल, तर त्याच्या वाटेत काय येतंय ते तरी बघावं. न्हाऊ झाल्यावर ओव्या-शोपाची धुरी, बंद खोलीतली शेगडी, मालिश करणारीने नाकात सोडलेले तेलाचे थेंब, कोपऱ्यातली डासांची कॉइल. किलोमागे बाळ मिनिटाला आपल्या अडीचपट हवा आत ओढतं, म्हणजे तोच धूर अडीचपट. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर त्याने न्यूमोनियासारखा आजार होतो. श्वासनळीचं गणित तर आणखी कठोर आहे. चार मिलिमीटर रुंद वाटेच्या भिंतीला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली की वाट एक चतुर्थांश उरते आणि हवेला होणारा अडथळा, प्रवाह संथ धरला तरी, सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या वाटेला तेवढीच सूज तिप्पट अडथळा करते. त्याला ती नुसती सर्दी वाटते.

तर शिबिरं चालवणाऱ्यांनी संथ श्वास जरूर शिकवावा, मिनिटाला सहा, पोट फुगवून किंवा न फुगवता, जशी ज्याची पद्धत. बाळाला त्यातून वगळावं. आणि वर्गात तान्हं बाळ आणायचीच हौस असेल, तर शेवटची दोन मिनिटं त्याचे श्वास मोजायला शिकवावं. बाळ रडत नसताना, दूध पीत नसताना, झबलं वर करून, पूर्ण मिनिट. साठ किंवा जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं. पुन्हा तितकेच आले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडताना दिसला, बाळ कण्हायला लागलं, अंगावर प्यायचं थांबलं, तर तिसऱ्यांदा मोजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.